थकव्याची वही कोण लिहिणार? नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली.

विषय: दूर पल्ल्याच्या वैमानिकांच्या शरीरात वर्षानुवर्षे साचणारा थकवा आणि त्याच्या परिणामांची नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी निवृत्त वैमानिक आहे. बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यांपैकी सव्वीस वर्षे दूर पल्ल्याच्या विमानांवर होतो आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे २०१९ साली खाली उतरलो. त्याआधीच्या शेवटच्या वैद्यकीय तपासणीत मी तंदुरुस्त ठरलो होतो. ईसीजी स्वच्छ होता, साखर हद्दीच्या अलीकडे होती आणि रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात होता. पुढच्या दीड वर्षात मला मधुमेह निघाला, हृदयाची लय बिघडल्याचे निदान झाले आणि झोपेत श्वास अडकतो हेही कळले. झोपेच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "घोरणं कधीपासून आहे?" मी उत्तर शोधत असतानाच पत्नी म्हणाली, "पंचवीस वर्षं तरी झाली असतील."

त्या पंचवीस वर्षांत माझ्या दर वर्षी आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासण्या झाल्या. झोपेच्या तक्रारीविषयी जेव्हा जेव्हा विचारले गेले, तेव्हा मी "नाही" असेच लिहीत आलो. ते खरे नव्हते. मी तसे का लिहीत होतो ते पुढे सांगणारच आहे, कारण ते एकट्या माझ्या अप्रामाणिकपणाचे प्रकरण नाही.

आपल्या कार्यालयाशी माझा सगळा पत्रव्यवहार आजवर इंग्रजीत झाला. हे पत्र मी जाहीरपणे आणि मराठीत लिहितो आहे, कारण मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पणजी इथल्या कितीतरी घरांत आज एखादा मुलगा किंवा मुलगी वैमानिक आहे आणि त्या घरांतल्या आईवडिलांना, पतीपत्नींना या नोकरीची ही बाजू कोणी सांगितलेली नाही. ज्या कंपन्यांत मी काम केले त्यांची नावे मी घेणार नाही. मी देशातही काम केले आणि आखातातही केले, आणि हा प्रश्न मला दोन्हीकडे सारखाच दिसला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपली व्यवस्था थकवा मोजते ती त्या एका उड्डाणापुरता. आज रात्री हा माणूस विमान सुरक्षित उतरवू शकेल का, एवढाच प्रश्न ती विचारते. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याची किंमत या देशाने मोजलेली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून निघालेले विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले, १५८ माणसे गेली, आणि चौकशीत कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून स्पष्ट झाले की कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ गाढ झोपेत होते आणि उतरण्याच्या वेळी त्यांचा मेंदू पुरता जागा झालेला नव्हता. त्यानंतर पहाटेच्या उड्डाणांविषयी, विश्रांतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि नियमही बदलले. पण जे विमान सुरक्षित उतरते त्यातल्या वैमानिकाचे पुढे काय होते, तो थकवा त्याच्या रक्तवाहिन्यांत, स्वादुपिंडात, मेंदूत कुठे जाऊन बसतो, हे विचारणारी एकही वही आपल्याकडे नाही. मधुमेह किंवा हृदयविकार हा माझ्या नोकरीतूनच आला असे मी सिद्ध करू शकत नाही. मला जे वाटते ते खरे आहे की खोटे हे ठरवायला लागणारी नोंदच कोणी ठेवली नाही, हीच माझी तक्रार आहे.

दूर पल्ल्याचा थकवा म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांना तो जागरणासारखा वाटतो. लग्नघरात रात्र जागलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून भरून काढली, तसे काहीसे. प्रत्यक्षात ते वेगळेच आहे. मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारे थेट विमान बहुधा मध्यरात्रीनंतर निघते. रिपोर्टिंग, म्हणजे ड्युटीवर हजर होणे, त्याआधी दीड-दोन तास असते. म्हणजे वैमानिक त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा उठलेला असतो, दुपारी पडून राहण्याचा प्रयत्न करतो, आणि शरीर "आता झोप" म्हणत असते त्या क्षणी तीनशे माणसे घेऊन उडतो. पंधरा-सोळा तासांनी तो उतरतो तेव्हा तिथे सकाळ झालेली असते आणि त्याच्या शरीरात संध्याकाळ उलटत असते. हिवाळ्यात दोन्ही शहरांत साडेदहा तासांचा फरक आहे, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ उलटी. शरीराचे घड्याळ साधारण दिवसाला एका तासाच्या गतीने सरकते, पश्चिमेकडे जाताना थोडे लवकर आणि पूर्वेकडे येताना अधिक सावकाश. दहा तासांचा फरक पचवायला आठवड्याहून अधिक काळ लागतो. वैमानिक मात्र एक-दोन रात्रींत परत फिरतो. त्यामुळे त्याचे घड्याळ न्यूयॉर्कला लागत नाही आणि मुंबईलाही राहत नाही.

हॉटेलच्या खोलीतले दृश्य मी इथे मुद्दाम लिहितो, कारण ते कोणत्याही अहवालात येत नाही. सकाळी नऊ वाजता आपण खोलीत शिरतो. पडदे जाड असतात, पण मधोमध एक फट राहतेच आणि त्या फटीतून उन्हाची सरळ रेघ बरोबर उशीवर येते. म्हणून कपाटातला पँट अडकवायचा चिमट्यांचा हँगर काढायचा आणि त्याच्या दोन चिमट्यांनी पडद्याच्या कडा एकमेकींना जोडायच्या. जगातल्या कोणत्याही शहरातल्या क्रू हॉटेलात गेलात तर हा हँगर पडद्यावर लटकलेला सापडेल. दाराखालच्या फटीला टॉवेल लावायचा. एसी पूर्ण थंड करायचा. मग झोप येते ती तीन-चार तासांची, आणि रात्री दीड वाजता टक्क डोळे उघडतात. नवख्या को-पायलटला कॅप्टन या गोष्टी शिकवतो, पण त्याची कुठे लेखी नोंद होत नाही. मीही असाच कोणाकडून तरी शिकलो.

विमानातल्या बंकचेही तसेच आहे. लांबच्या उड्डाणात चार वैमानिक असतात आणि आळीपाळीने वर, छताखालच्या बंकमध्ये आडवे होतात. नियमाच्या भाषेत ती विश्रांती आहे. हवा इतकी कोरडी असते की घशाला कोरड पडून जाग येते, इंजिनांची घरघर अंगात भिनते, आणि केबिनमधला हवेचा दाब उंच डोंगरावरच्या गावासारखा असल्याने ऑक्सिजनही थोडा कमीच मिळतो. तिथली झोप उथळ आणि तुटक असते. चार तास बंकमध्ये पडून दोन तास झोप लागली तर ती चांगली रात्र समजायची.

हे दहा वेळा केले तर माणूस दमतो आणि सुट्टीत सावरतो. पण वर्षाला १००० तासांची उड्डाणाची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या जवळ राहून तीस वर्षे जे हेच करतात त्यांच्या शरीरात काय घडते, याविषयी विज्ञान आता गप्प राहिलेले नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत घड्याळ आहे, आणि ते कोणत्या जनुकांवर चालते हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या जरा वर बसलेले असते आणि ते उजेडावर चालते. यकृताचे, स्वादुपिंडाचे घड्याळ मात्र मोठ्या प्रमाणात जेवणाच्या वेळेवर चालते. वैमानिकाला पहाटे तीन वाजता मांडीवर गरम जेवणाचा ट्रे मिळतो आणि जागे राहण्यासाठी तो ते खातो. त्या वेळी रक्तात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे संप्रेरक, चढलेले असते आणि इन्सुलिन सोडण्याचे काम मंदावलेले असते. एका जेवणाने काही बिघडत नाही. पण अशी हजारो जेवणे होतात.

या बाबतीत दोन प्रयोग मला विशेष महत्त्वाचे वाटतात. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी अकरा तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, आणि तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची क्षमता लक्षणीय घटली. २००९ साली बोस्टनच्या संशोधकांनी दहा जणांना प्रयोगशाळेत अठ्ठावीस तासांच्या दिवसावर ठेवले, म्हणजे त्यांचे शरीराचे घड्याळ आणि झोपण्या-जेवण्याची वेळ हळूहळू उलटीसुलटी केली. वेळ पूर्ण उलटी झाली तेव्हा रक्तदाब वाढला, साखर वाढली, आणि ज्या आठ जणांची मोजणी करता आली त्यांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली. ही सगळी माणसे आधी निरोगी होती. प्रयोगशाळेत दहा दिवसांत जे घडते ते नोकरीत सव्वीस वर्षांत घडणार नाही, असे मानायला माझ्यापाशी काही आधार नाही.

मेंदूविषयी लिहिताना मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात माणसांना चौदा दिवस रात्री सहा तासच झोप दिली गेली. सहा तास म्हणजे आपल्याकडे पुष्कळांना भरपूर वाटेल. चौदा दिवसांच्या अखेरीस त्यांची लक्ष देण्याची, आठवण्याची क्षमता इतकी खालावली होती की ती सलग एक-दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या पातळीकडे जाऊन पोहोचली होती. पण त्यांना स्वतःला विचारले तर ते म्हणत होते की आता सवय झाली आहे, फारसे काही वाटत नाही. थकलेला माणूस आपला थकवा मोजू शकत नाही, कारण मोजायचे साधनच थकलेले असते. मग "मी ड्युटीसाठी तंदुरुस्त आहे" या वैमानिकाच्या स्वतःच्या कबुलीवर सगळा डोलारा उभा करणे कितपत योग्य आहे, याचा विचार आपण करावा.

२००१ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षानुवर्षे अनेक वेळ-पट्टे (टाइम झोन) ओलांडणाऱ्या हवाई सुंदरींचे दोन गट तपासले होते. एका गटाला दोन लांब प्रवासांच्या मध्ये विश्रांतीचे पुरेसे दिवस मिळत होते, दुसऱ्याला पाचाहून कमी. कमी विश्रांतीच्या गटात मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागाचे आकारमान कमी आढळले आणि जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या मागे पडल्या. तो अभ्यास लहान होता आणि त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मलाही कळते. पण तो वाचल्यावर मी माझी लॉगबुके, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, काढून पाहिली. पहिल्या दहा-बारा वर्षांचे माझे अक्षर मोत्यासारखे आहे, एकही खोड नाही. पन्नाशीच्या पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर तारीख खोडलेली आहे. ज्या गावातून निघालो तिथली तारीख लिहिली, मग खोडून पोहोचलो तिथली लिहिली, मग तीही चुकली म्हणून पुन्हा. काही ठिकाणी महिनाच चुकला आहे. विमान चालवताना चूक झाली नाही, कारण तिथे शेजारी दुसरा माणूस होता, चेकलिस्ट होती, यंत्रे होती. लॉगबुक मी घरी एकट्याने बसून लिहीत होतो.

घरी आणखी एक नोंद होती, हे मला निवृत्तीनंतर कळले. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकलेले असे आणि पत्नी त्यावर पेन्सिलीने माझे रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, लिहीत असे. "गेले", "आले" आणि तिसरा शब्द "झोप". या तिसऱ्या शब्दाचा अर्थ असा की बाबा घरी आहेत पण दार लोटलेले आहे, मुलांनी खेळायला खाली जायचे, कुकरची शिट्टी दार लावून, आणि बेल काढून ठेवायची. पानांच्या मागच्या पाककृतींसाठी तिने जुनी कॅलेंडरे टाकली नाहीत, म्हणून ती राहिली. आम्ही दोघांनी बसून एक वर्ष मोजले. त्या वर्षी मी १४१ दिवस घरी होतो आणि त्यांपैकी ५८ दिवसांवर "झोप" लिहिले होते. मुलीच्या दहावीच्या निकालाच्या चौकोनातही तोच शब्द आहे.

कर्करोगाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझा स्वतःचा अनुभव नाही. शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालीच "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकले आणि २०१९ साली ते वर्गीकरण कायम ठेवले. त्यात स्तनांच्या कर्करोगाचे पुरावे महत्त्वाचे आहेत. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्याचा आपण सगळे अभिमानाने उल्लेख करतो. मग हा प्रश्न इतर कोणत्याही देशापेक्षा आपला अधिक आहे. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर वैमानिक आणि केबिन क्रू यांच्यात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. त्यात वरच्या हवेतील किरणोत्सर्गाचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे अजून नक्की ठरलेले नाही.

किरणोत्सर्गाचा विषय थकव्याहून वेगळा आहे खरा, पण तो त्याच शरीरावर, त्याच तासांत पडतो. दूर पल्ल्याच्या वैमानिकाला वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी वैश्विक किरणांची मात्रा मिळते. रुग्णालयातल्या क्ष-किरण विभागातल्या माणसाला सरासरी त्याहून कमी मिळते, तरी तो छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावतो, तो बिल्ला ठरावीक मुदतीने तपासायला जातो आणि त्याच्या नावावर मात्रेची नोंद होते. ती व्यवस्था चांगली आहे. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशातच वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू शकणाऱ्या क्रूचे मूल्यमापन करणे बंधनकारक केले. ध्रुवाकडे जावे तशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ढाल पातळ होते, आणि आपली विमाने २०१९ पासून दिल्लीहून आणि २०२१ पासून बेंगळुरूहून उत्तर ध्रुवावरून सान फ्रान्सिस्कोला जाऊ लागली. माझ्या बत्तीस वर्षांच्या फायलीत किरणोत्सर्गाच्या मात्रेचा एकही कागद नाही.

आता मी "नाही" का लिहीत होतो ते सांगतो.

वैमानिकाचा परवाना त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभा असतो. "टेम्पररी अनफिट" हे दोन शब्द आले की तो जमिनीवर येतो, आणि पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असल्याने घराचा हप्ता, मुलांची फी, प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज यांवर लगेच परिणाम होतो. आजच्या तरुण को-पायलटवर तर परवान्यासाठी आणि टाइप रेटिंगसाठी (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी) काढलेले कर्ज असते, तेही कित्येक लाखांत. तो "मला झोप लागत नाही" असे कोणत्याही कागदावर लिहिणार नाही. मग तो काय करतो? अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या घेतो, मेलाटोनिन घेतो, काही जण मद्य घेतात. मीही गोळ्या घेतल्या. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मीठ बंद, साखर बंद, रोज चालायला जाणे, आणि दिवस असा निवडणे की लेओव्हरनंतर, म्हणजे परगावचा मुक्काम करून आल्यावर, निदान तीन रात्री घरी झोप झालेली असेल. तपासणीला आपल्यासमोर येतो तो असा तयार केलेला माणूस. पहाटे चार वाजताचा माणूस आपल्या डॉक्टरांनी कधी पाहिलेलाच नाही.

नाव न विचारता प्रश्न केला की उत्तर कसे बदलते हे २०१६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसले. उत्तर देणाऱ्या वैमानिकांपैकी १२.६ टक्क्यांची लक्षणे नैराश्याच्या निकषात बसत होती आणि ४.१ टक्क्यांच्या मनात मागच्या दोन आठवड्यांत आयुष्य संपवण्याचे विचार येऊन गेले होते. तेच वैमानिक आपापल्या देशांत अधिकृत कागदावर पूर्ण तंदुरुस्त होते.

मी आयुष्यात एकदाच फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी तक्रार, दिला. सलग तिसऱ्या महिन्यात एकापाठोपाठ एक पूर्व आणि पश्चिम अशी उलटसुलट उड्डाणे लागली होती आणि एका पहाटे उतरताना रेडिओवर दिलेली सूचना मी परत म्हटली, पण ती मला आठवत नव्हती. म्हणजे तोंडाने म्हटली, मनाने ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट दिला. चार दिवसांनी रोस्टर विभागातून फोन आला आणि अतिशय सभ्य आवाजात विचारणा झाली की घरी काही अडचण आहे का, आणि मला लांबची उड्डाणे झेपत नसतील तर दुसरा विचार करता येईल. कोणी धमकी दिली नाही. पण त्यानंतर मी रिपोर्ट दिला नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही द्या म्हणालो नाही. याचा मला आज पश्चात्ताप आहे.

दारूविषयी आपण किती कडक आहोत, ते पाहावे. उड्डाणाच्या १२ तास आधीपासून मद्य वर्ज्य आहे, ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी आहे आणि यंत्राने किंचित जरी आकडा दाखवला तरी परवाना निलंबित होतो. ते बरोबरच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंद होतो, आणि चोवीस तासांनी तो ०.१० टक्क्यांच्या जवळ जातो. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्यालाही ०.०३ टक्क्यांच्या वर परवानगी नाही. मध्यरात्रीनंतर उडणारा वैमानिक सकाळी सातला उठलेला असेल तर विमान निघण्याआधीच सतरा तास भरतात.

२०२४ च्या जानेवारीत आपण नवे नियम प्रसिद्ध केलेत त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली आणि कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल देण्याचे ठरले. ते जून २०२४ मध्ये लागू व्हायचे होते, पुढे ढकलले गेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, आणि आपण रात्रीच्या ड्युटीच्या काही नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिलीत. विमानतळावर लहान मुले घेऊन जमिनीवर बसलेली माणसे मीही पाहिली आहेत आणि आपल्यासमोरचा पेच मला कळतो. पण माणसे कमी पडली की विश्रांतीला कात्री लावता येते, हा संदेश त्यातून गेला. देशांतर्गत उड्डाणांच्या वैमानिकांना तो बसला आणि लांबच्या वैमानिकांनीही वाचला.

मला आपल्याकडून जे हवे आहे त्यातले पुष्कळसे आपल्या हातात आजच आहे. वैमानिकाची प्रत्येक वैद्यकीय तपासणी आपल्या कार्यालयाकडे येते. त्याची प्रत्येक ड्युटी, प्रत्येक उड्डाण, ओलांडलेला प्रत्येक वेळ-पट्टा कंपन्यांच्या संगणकात मिनिटासह नोंदलेला आहे. या दोन वह्या आजवर एकमेकींशेजारी ठेवल्या गेलेल्या नाहीत. नावे काढून टाकून त्या एकत्र कराव्यात आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था किंवा बेंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था, जिथे या विषयाचे जाणकार आहेत, त्यांच्याकडे सोपवाव्यात. रात्री अधिक उडणाऱ्यांची साखर दहा वर्षांत कशी बदलली, पूर्वेकडे अधिक जाणाऱ्यांचा रक्तदाब कसा बदलला, याची उत्तरे त्या आकड्यांत आहेत. निवृत्तीनंतरही ही नोंद थांबू नये, कारण पुष्कळ आजार आमच्यासारखेच पासष्टीनंतर वर येतात आणि तेव्हा आम्ही कोणाच्याच यादीत नसतो.

तपासणीत झोपेचा भाग खरा असावा. अमेरिकेने २०१५ पासून झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची छाननी वैमानिकांच्या तपासणीत आणली आणि उपचार घेणाऱ्याला उडत राहण्याची वाट मोकळी ठेवली. माझ्या मते दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. रात्री नाकावर यंत्र लावून झोपणारा वैमानिक हा न लावता घोरणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे परवाना देणाऱ्याने लेखी मान्य केले तर लोक खरे लिहू लागतील. उपचाराच्या काळात जमिनीवर असलेल्याचा किमान पगार चालू राहावा, याची अट कंपन्यांच्या परवान्यातच घालता येईल का, हेही पाहावे. फटीग रिपोर्ट कंपनीच्या रोस्टर विभागाकडे जाण्याऐवजी थेट एखाद्या त्रयस्थ यंत्रणेकडे जावा, जिथे देणाऱ्याचे नाव कंपनीला कळणार नाही. आणि किरणोत्सर्गाच्या मात्रेचा एक कागद दर वर्षी प्रत्येकाच्या हातात पडावा. मार्ग, उंची आणि तास यांवरून तो हिशोब संगणकावर करता येतो, त्यासाठी बिल्लाही लागत नाही.

या कामाला सुरुवात करण्यासाठी कोणाची तरी नोंद लागेल, तर माझी घ्यावी. माझ्याकडे बत्तीस वर्षांची सर्व लॉगबुके आहेत, खाडाखोडीसकट. वैद्यकीय अहवालांच्या प्रती आहेत, निवृत्तीनंतरच्याही. आणि १९९३ ते २०१९ ची सत्तावीस कालनिर्णये आहेत, जी पत्नी द्यायला तयार झाली आहे, मात्र पाककृतींची पाने आधी तिला मोबाईलवर टिपून घ्यायची आहेत. माझा पत्ता माझ्या परवान्याच्या फायलीत आहे आणि तो बदललेला नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कॅप्टन,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई